नऊ पायांचा स्विच

आमच्या घरी गिटार हा नाजूक विषय. अम्मींना पटत नाही, म्हणून लेक हेडफोन लावून वाजवतो. परवा घरी बनवलेल्या पेडलला पायाने दाबायचा स्विच जोडून बसला होता. "अब्बा, आवाजच नाही!" संगमनेरात हा स्विच मिळाला नव्हता, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, तोही एकच.

त्याला नऊ पाय. चपटे पाय आडवे दिसतील असा धरला की प्रत्येक उभ्या रांगेतला मधला पाय सामाईक. एका मधल्या पायाला गिटार, दुसऱ्याला ॲम्प्लिफायर. दाबलं की आवाज सर्किटमधून फिरून येतो; पुन्हा दाबलं की छोट्या तारेवरून सरळ निघतो. तिसरी रांग फक्त दिव्याची. पोराने स्विच काटकोनात फिरवून डाग दिले होते. (वर्गात नकाशा उलटा धरणारी मुलं मला रोजच भेटतात.)

मल्टिमीटरची बीप ऐकत सगळं उपटलं. पाय फार तापला तर आतलं प्लॅस्टिक वितळतं, म्हणून दोन-तीन सेकंदांत एकेक डाग. तार मी धरली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसलो.

रात्री अकराला आतल्या खोलीतून अम्मींनी विचारलं, "जली क्या बत्ती?"