आपल्या घरातल्या बायका

"आई, तुला सायकल येते ना गं?" लेकीनं तुलूझहून फोनवर विचारलं.

मी म्हटलं, "येत होती."

येत होती म्हणजे काय, तर सातवीत असताना दादाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत मळ्यापर्यंत जायची मी. दोनदा गुडघे फोडून घेतले, एकदा बांधावरून थेट उसात गेले. पुढं अंगानं मोठी दिसायला लागले आणि एक दिवस चुलत्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "आपल्या घरातल्या बायका सायकलवर बसत नाहीत." विषय संपला. लग्न होऊन बेळगावला आले, मुलं झाली, मुलांना सायकल शिकवली, पण मागचं कॅरियर धरून पळत पळत. स्वतः बसले नाही.

साठी पूर्ण झाली त्या वर्षी लेकीनं हा प्रश्न विचारला. ती तिकडं विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथून एक कालवा निघतो, त्याच्या काठानं आपण दोघी सायकलनं जाऊ म्हणाली. मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिनं रजासुद्धा टाकली होती. मग काय, कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यांवर पहाटे पाचला, ओळखीचं कोणी उठायच्या आत, मी पुन्हा सायकल शिकले. हसू नका. अंग विसरत नाही म्हणतात ते खरं, फक्त ब्रेक लावताना छातीत धडधड व्हायची.

जूनमध्ये आम्ही निघालो. या कालव्याचं नाव कॅनाल द्यू मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाजणापर्यंत तो २४० किलोमीटर जातो. आम्ही त्यातलं बेझिएपर्यंतचं, सुमारे २०० किलोमीटरचं अंतर सहा दिवसांत करायचं ठरवलं होतं. माझ्या सायकलीला बॅटरीची मदत होती, हे आधीच कबूल करते. मागं दोन्ही बाजूंना पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत दशम्या, भडंग, मेतकूट आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी.

पहिला दिवस लोण्यासारखा गेला. सुरुवातीचे पन्नासेक किलोमीटर डांबरी वाट आहे, फक्त सायकलवाल्यांची आणि चालणाऱ्यांची. पूर्वी याच काठावरून घोडे नावा ओढत न्यायचे. आता डावी-उजवीकडं सूर्यफुलं, गहू, मध्येच एखादं चर्चचं टोक. कालवा आहे म्हणून वाटेला चढ जवळजवळ नाहीच. ठरावीक अंतरानं पाण्याला दरवाजे येतात. त्याला तिकडं एक्लूझ म्हणतात. नाव आत येते, मागचा दरवाजा लागतो, पाणी सोडतात, नाव हळूहळू वर उचलली जाते, मग पुढचा दरवाजा उघडतो. पाण्याचा जिनाच तो. शेजारी राखणदाराचं छोटंसं घर, आणि घरावर पाटी. मागचं एक्लूझ किती मीटरवर, पुढचं किती मीटरवर. मला त्या पाट्या फार आवडल्या. संसारात अशी पाटी कुठं असते? मागं किती आलो ते कळतं, पुढचं कोण सांगतं!

जेवणाची धास्ती होती, ती निघाली फुकटची. आपलं सूर्यास्तापूर्वीचं जेवण, आणि तिकडं जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री साडेनवाला! हॉटेलं साडेसातला उघडली तरी आम्ही निवांत. लेक म्हणाली, "आई, तुझा नियम पाळायला यांनी दिवसच लांबवलाय." बाकी टोमॅटो, पाव, पीच, चेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेल्यावर वाटेवर गोगलगायीच गोगलगायी आल्या. मी उतरले आणि सायकल हातात धरून बघत बघत चालत निघाले. लेक पुढं जाऊन थांबली, मागं वळून हसली, आणि मग तीही उतरली. त्या अर्ध्या तासात आम्ही एक किलोमीटरसुद्धा गेलो नसू.

दुपारी नोरूझला पोचलो. कालव्याची ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. इथं डोंगरातून आणलेलं पाणी कालव्याला मिळतं आणि दुभागतं. एक वाट अटलांटिककडं, दुसरी भूमध्याकडं. बेळगावच्या माणसाला हे चटकन समजतं. आमच्या खानापूर तालुक्यातच म्हादई पश्चिमेला गोव्याकडं उतरते आणि कणकुंबीची मलप्रभा पाठ फिरवून पूर्वेला जाते. पण ते निसर्गानं केलेलं. इथं हे माणसानं करून दाखवलं. पिएर-पॉल रिके त्याचं नाव. इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी होता. दोन समुद्र जोडणारा कालवा काढायचं स्वप्न जुनं होतं, पण मधल्या या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून, इथं सगळे अडत होते. रिकेनं माँतान्य न्वार या डोंगरातले ओढे अडवले, साँ-फेरेओलला प्रचंड धरण बांधलं आणि चर खणून पाणी इथवर आणलं. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ साली कामाला मंजुरी मिळाली. पैसे कमी पडले तेव्हा त्यानं स्वतःची संपत्ती घातली, मुलींच्या हुंड्याचे पैसेसुद्धा घातले असं सांगतात. १६८० मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी, १६८१ च्या मे महिन्यात, कालवा सुरू झाला. त्याच्या वंशजांनी उभारलेला उंच दगडी स्तंभ तिथं आहे. मी त्याला नमस्कार केला. मनात मात्र आलं, हुंड्याचे पैसे गेले तेव्हा त्या पोरींना कुणी विचारलं असेल का?

नोरूझपासून पुढं वाटेचं रूप बदललं. डांबर संपलं, माती आणि खडे आले. कास्तेलनोदारीला मुक्काम केला. तिथला कासूले प्रसिद्ध, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची मातीच्या भांड्यातली उसळ, पण त्यात बदक आणि सॉसेज. आम्ही भडंग खाल्लं. दुसऱ्या दिवशी गाव मागं टाकल्यावर झाडांची मुळं वाटेवर आडवी यायला लागली आणि एका मुळावर माझं पुढचं चाक घसरलं. पडले. तोच गुडघा, सातवीतला.

लेकीनं एका एक्लूझच्या कट्ट्यावर बसवलं, जखम धुतली. इथल्या एक्लूझच्या भिंती सरळ नाहीत, बदामासारख्या फुगीर आहेत. सुरुवातीला सरळ बांधलेली भिंत मातीच्या दाबानं कोसळली, म्हणून रिकेनं हा आकार घेतला. मी त्या दगडांवरून हात फिरवत होते, तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे सगळं खणायला बायका होत्या, माहितीये? ऐन भरात बारा हजार माणसं कामावर होती, त्यात कितीतरी बायका. टोपल्यांतून माती वाहायच्या. पिरेनीज डोंगरातल्या बायकांना तर पाणी कसं फिरवायचं, याचं ज्ञानही होतं. चंद्रा मुकर्जी म्हणून अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या बाई आहेत, त्यांनी २००९ साली यावर पुस्तक काढलं. नाहीतर सगळे रिके, रिके एवढंच म्हणतात."

मी काहीच बोलले नाही. तिला वाटलं गुडघा दुखतोय.

"पावसानं काम बंद पडलं तरी मजुरी द्यायचा रिके," ती पुढं सांगत होती. "आजारी पडलं तरी. त्या काळात!"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझी आज्जी पण जायची. माती वाहायला."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनासुद्धा नाही.

माझं माहेर जत तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. विहिरीचा तळ दिसत होता, बैल विकले होते, घरात लाल मिलो शिजत होता. पण आमचं घर पाटलाचं, गावात मान होता. दुष्काळी कामावर आपल्या घरातल्या बायका कशा जाणार? आक्का, म्हणजे माझी आई, गेली. मुद्दाम दोन गावं सोडून पलीकडं पाझर तलावाचं काम चाललं होतं, तिथं. पहाटे अंधारात निघायची, पदर हनुवटीपर्यंत ओढून. आम्हाला सांगितलेलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, आक्का मळ्यात गेलीय. हजेरीपटावर तिनं माहेरचं नाव लावलं होतं, म्हणजे मुकादमालाही कळू नये कुठल्या घरची. संध्याकाळी पदराच्या गाठीत सुकडी घेऊन यायची आणि आम्हा भावंडांना वाटायची.

पण चालत यायचं अंतर मोठं. काम सुटायला उशीर झाला की घर गाठेपर्यंत सूर्य मावळलेला असायचा. मग ती जेवायची नाही. पाणीसुद्धा नाही. चुंबळ खुंटीला अडकवायची, हातपाय धुवायची आणि आमच्या शेजारी आडवी व्हायची. दिवसभर घमेली वाहून. असे किती दिवस झाले असतील, मी मोजले नाहीत. नऊ वर्षांच्या पोरीला झोप येते.

लेक माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही, तो तिचा स्वभाव नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "कुठला तलाव, आई? आपण जाऊ बघायला."

मला माहीत नव्हतं. आक्का जाऊन पंधरा वर्षं झाली. तिला विचारलंच नव्हतं कधी. विचारलं असतं तर तिला वाईट वाटेल असं मला वाटायचं. खरं तर मला लाज वाटत होती.

त्या रात्री साडेनऊपर्यंत खिडकीतून ऊन दिसत होतं. मी जेवून हात धुतले तरी दिवस उरला होता.

पुढं कार्कासोन आलं. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज, लेकीनं भरपूर फोटो काढले. या शहरानं तेव्हा पैसे द्यायचं नाकारलं म्हणून कालवा शहराला वळसा घालून गेला, आणि तो गावाजवळ यायला १८१० साल उजाडलं. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. शहाणी माणसं सगळीकडं असतात! कार्कासोनच्या पुढं मात्र डोळ्यांना ऊन लागायला लागलं. कालव्याच्या काठानं प्लेन नावाच्या झाडांची ४२ हजारांची रांग होती. त्यांना बुरशीचा रोग लागला, २००६ साली तो इथं प्रथम सापडला. औषध नाही, त्यामुळं हजारो झाडं तोडून जाळावी लागलीत. जागोजागी दुसऱ्या जातींची रोपं लावलीत, मनगटाएवढ्या खोडांची. सावली पडायला अजून वेळ आहे, पण लावलीत.

शेवटचे दोन दिवस सोपे गेले. बेझिएच्या आधी ५४ किलोमीटर एकही एक्लूझ नाही, पाणी एका पातळीत. माल्पासला कालवा डोंगराच्या पोटातून जातो, १६७९ सालचा बोगदा. आणि सहाव्या दिवशी फोंसेरान. आठ कुंडं, नऊ दरवाजे, एकाखाली एक. पाणी साडेएकवीस मीटर खाली उतरतं. माणसं गर्दी करून नावा उतरताना बघतात. खाली बेझिए, रिकेचं जन्मगाव. गावात त्याचा पुतळा आहे. त्याचा हक्कच आहे तो. पण मी त्या आठ कुंडांतली माती मोजत होते. किती टोपल्या झाल्या असतील?

घरी आल्यावर दादाला फोन केला. तो आता सत्तरीला आलाय. विचारलं, "दादा, आक्का दुष्काळात कुठल्या तलावाच्या कामावर जात होती रे?"

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कोण आक्का? आक्का कुठं गेलीय कामाला? असलं काही बोलू नको चारचौघांत. आपल्या घरातल्या बायका..."

पुढचं मला पाठ होतं.

दादा वाईट माणूस नाही. सुकडी त्यानंही खाल्लीय, माझ्यापेक्षा जास्तच, कारण तो मोठा होता. पण घरचा मान त्याच्याकडं आला आणि तो त्याला सांभाळावा लागतो. मी सासरी आले, मला तेवढं ओझं नाही.

म्हणून इथं लिहून ठेवते. तलावाचं नाव सापडलं नाही, हजेरीपटावरही ती सापडणार नाही. पण जत तालुक्यात कुठंतरी एक पाझर तलाव आहे, आणि त्याच्या बांधातली काही घमेली माती आमच्या घरातल्या बाईनं वाहिलेली आहे. पावसाळा संपला की लेक येणार आहे. आम्ही दोघी त्या बाजूचे सगळे तलाव बघणार आहोत. सायकलवरून.