पाचवं नाव

१९९४ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला पर्ड्यू विद्यापीठात दाखल झालो. इंडियाना राज्यातलं वेस्ट लफायेट हे गाव. वेशीबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर मका. पहिल्याच आठवड्यात प्रयोगासाठी एक स्टँड बनवून घ्यायला मी मेकॅनिकलच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर तिथले म्हातारे मशिनिस्ट लेथ बंद करून शून्यात बघत बसलेले.

‘बिग डॉग गेला,’ ते म्हणाले.

मी चेहरा पाडला. अमेरिकेत कुत्रं म्हणजे घरचं पोरच, हे ऐकून होतो. ‘फार वाईट झालं. वय काय होतं?’

‘एकवीस.’

कुत्र्याच्या मानाने चांगलंच आयुष्य मिळालं म्हणायचं! कुठे पुरलं हे विचारावं की नाही, अशा विचारात मी असतानाच ते उसासा टाकून म्हणाले, ‘मिलवॉकीला.’

ग्लेन रॉबिन्सन हे त्या बिग डॉगचं नाव. आदल्या हंगामात त्याने कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामन्यामागे ३०.३ गुण काढले होते, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त. त्याच्या जोरावर पर्ड्यूने २९ सामने जिंकून बिग टेन ही आपली साखळी मारली होती. अजून एक वर्ष कॉलेजात खेळता आलं असतं, पण तो एनबीएत गेला. निवडीत पहिलं नाव त्याचंच निघालं, मिलवॉकीच्या संघाने त्याला उचललं, आणि गावाला सुतक लागलं. तशा गावात मी सुटकेस घेऊन उतरलो होतो.

आम्ही चार-पाच मराठी पोरं त्या मशिनिस्ट आजोबांना आपसात विश्वकर्मा म्हणायचो. त्यांच्या लेथमागे एक काळा फळा होता. डाव्या बाजूला कामाचे आकडे खडूने लिहिलेले असत. पाव इंची, वीस आट्यांच्या टॅपला ७ नंबरचं ड्रिल, हे मला आजही पाठ आहे ते त्या फळ्यामुळे. उजव्या बाजूला सप्टेंबर लागला की पाच नावं यायची. येत्या हंगामात सामना सुरू होताना मैदानावर उतरणारे पहिले पाच. वरची नावं ठसठशीत. पाचवी ओळ मात्र डस्टर फिरवून फिरवून पांढुरकी पडलेली. सकाळी एक नाव, जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरं. स्टोअरवाला येऊन एक पुसायचा, वेल्डर येऊन दुसरं लिहायचा, आणि हातात ड्रॉइंग घेतलेला पीएचडीचा विद्यार्थी आपलं काम कधी होणार म्हणून ताटकळत उभा.

मी दादरचा. मुंबईच्या रणजी संघात कोणाला घ्यावं यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रात्र काढणारी माणसं बघत वाढलेलो. त्यामुळे हा रोग ओळखीचा होता, फक्त खेळ परका. क्रिकेटमध्ये अकरा जणांत एखादा चुकीचा माणूस खपून जातो, तळाला ढकलला की झालं. इथे पाचच जण. एक चुकला की संघाचा पाचवा हिस्सा चुकला. गोष्ट नुसत्या चांगल्या पाच पोरांचीही नव्हे. उंच दोघं एकदम घेतले तर बास्केटखाली दरारा, पण समोरचे चपळ गार्ड पळून पळून दमवणार. तीन नेमबाज घेतले तर मैदान मोकळं होणार, पण रिबाउंड कोण उचलणार? चारांची बेरीज कुठे कमी पडते ते बघून पाचवा निवडायचा असतो. हे मला विश्वकर्मांनी चार बोल्ट आणि एक वॉशर टेबलावर मांडून समजावलं. वॉशर म्हणजे पाचवा.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, रॉबिन्सनसारखाच दुसरा कोणी बाहेरून का आणत नाहीत? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तसा कोणी असता तर मला तो चौथीपासून माहीत असता.’ यात बढाई नव्हती. रॉबिन्सन याच राज्यातल्या गॅरीचा. १९९१ मध्ये शाळेत असतानाच तो इंडियानाचा मिस्टर बास्केटबॉल ठरला होता, आणि तेव्हापासून ही माणसं त्याच्यावर डोळा ठेवून होती. पर्ड्यूत आल्यावर पहिलं वर्ष तो शैक्षणिक पात्रतेच्या नियमात अडकला, खेळलाच नाही. गाव थांबलं. थांबण्याची तिथे सवयच होती. पोरगा यायचा, एक वर्ष बाकावर बसायचा, दुसऱ्या वर्षी पाच-दहा मिनिटं मिळायची, तिसऱ्या वर्षी लोक म्हणायचे, ‘आता याची पाळी.’ पाचव्या नावाच्या वादात खेळाइतकाच हा पाळीचा हिशेब असे. अमक्याने दोन वर्षं टॉवेल हलवलाय, त्याला आता बसवणं बरं दिसेल का?

शिवाय कोणी काही बघितलेलंच नसायचं. १५ ऑक्टोबरच्या आधी संघाचा रीतसर सरावही सुरू करायला मनाई होती, आणि पहिला खरा सामना नोव्हेंबर उतरणीला लागल्यावर. मधला सगळा काळ अफवांवर काढायचा. कोणाच्या तरी शेजारणीचा भाचा जिममध्ये टॉवेल धुवायला होता, त्याच्या म्हणण्याला केवढा भाव! ट्रिपल एक्सएक्सएक्स नावाचं १९२९ पासूनचं एक खाणावळवजा हॉटेल चौन्सी हिलच्या चढावर आहे. तिथे एका जुन्या खेळाडूच्या नावाचा बर्गर मिळतो, ड्वेन पर्व्हिस, त्यात मांसाच्या टिक्कीला चक्क पीनट बटर लावलेलं असतं. तो खात, ओघळणारं शेंगदाण्याचं लोणी कागदाने टिपत, मी पहिल्यांदा माझं स्वतःचं पाचवं नाव सुचवलं. टेबलावरचे सगळे गप्प झाले. मग वेल्डर म्हणाला, ‘याला कोक द्या.’ ते कौतुक होतं की उपचार, हे अजून कळलेलं नाही.

त्या हंगामात रॉबिन्सनशिवाय पर्ड्यू पुन्हा बिग टेन जिंकेल यावर आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी एक डॉलर लावला नसता. जीन केडी हे तेव्हाचे कोच, कायम कपाळाला आठ्या घातलेले. त्यांनी क्वॉन्झो मार्टिन, मॅट वॉडेल, ब्रँडन ब्रँटली अशी मंडळी उभी केली आणि साखळी जिंकली. पुढच्या वर्षी परत. सलग तीन. नावं एवढी मोठी नव्हती, पण मॅकी अरीनात चौदा हजार माणसं घुमटाखाली ओरडायला लागली की पायांखालचं काँक्रीट थरथरताना मी स्वतः अनुभवलं आहे. वार्षिक शत्रू म्हणजे शेजारच्या ब्लूमिंग्टनच्या संघाचे कोच बॉबी नाइट. १९८५ मध्ये त्यांनी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यातच रागाने खुर्ची मैदानात भिरकावली होती. तो किस्सा मला वर्कशॉपमधल्या प्रत्येकाने वेगवेगळा, आणि प्रत्येकाने प्रत्यक्षदर्शी म्हणून सांगितला.

इथवर वाचून मी गोड गोड सांगतोय असं वाटलं असेल, तर थोडं कडूही सांगतो. ज्या पाळीचं मला एवढं अप्रूप वाटतं, ती त्या पोरांनी हौसेने पाळलेली नव्हती. कॉलेज बदललं तर वर्षभर खेळता यायचं नाही, असा नियम होता. कोचला मात्र रात्रीत दुसरीकडे जाता यायचं. शिष्यवृत्ती सोडली तर खेळाडूला एक सेंट घ्यायला बंदी. रॉबिन्सनने त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी मिलवॉकीशी दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा विश्वकर्मा पुटपुटले, ‘लोभी.’ आदल्या वर्षी त्याच्या नावावर मॅकी भरत होतं तेव्हा तो फुकट खेळत होता, हे त्यांच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

बरोबर तीस वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, माझा भाचा त्याच पर्ड्यूत एमएसला गेला. योगायोग असा की गाव पुन्हा सुतकात. झॅक ईडी नुकताच गेला होता. टोरोंटोचा, सव्वासात फुटांहून उंच, लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. मधल्या काळात, २०२३ मध्ये, याच संघाने सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नाक कापून घेतलं होतं, आणि २०२४ मध्ये थेट अंतिम सामना गाठून कनेक्टिकटकडून मार खाल्ला होता. तो अंतिम सामना मी पुण्यात पहाटे उठून बघितला. बायको म्हणाली, हरणारच होते तर झोपायचं.

आता सगळं बदललंय, म्हणजे नियमच बदललेत. २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आहे. खेळाडूने त्यात नाव नोंदवलं की बाकीची कॉलेजं फोन करायला मोकळी. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्ष वाया घालवायची अट गेली, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून नाव-चेहरा विकून पैसे मिळवायची मुभा आली. २०२५ पासून तर कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. त्यामुळे कित्येक ठिकाणी वसंत ऋतूत अर्धा संघ निघून जातो आणि उन्हाळ्यात नवा भरला जातो. ऑक्टोबरमध्ये चाहते पाच नावांवर भांडतात, त्यातली तीन त्यांनी जूनमध्ये पहिल्यांदा ऐकलेली. चौथीपासून ओळखणं वगैरे राहिलं बाजूला.

पण पर्ड्यूचं तसं झालं नाही, आणि इथेच माझ्या हळहळीची पंचाईत होते. मॅट पेंटर हे आताचे कोच, केडींचेच जुने खेळाडू. माझ्या काळातला ब्रँटली त्यांच्या हाताखाली उंच पोरांना शिकवतो, ईडीही त्याच्याच तालमीतला. २०२१ मध्ये ऑक्टोबरातला वाद होता ईडी की ट्रेव्हियन विल्यम्स. विल्यम्स शेवटच्या वर्षातला, नावाजलेला. त्याला बाकावर बसवून पोरगेल्या ईडीला पहिल्या पाचांत घेतलं. विल्यम्स बाकावरून उठून खेळला आणि बिग टेनचा सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. दोन वर्षांनी तीच गोष्ट मेसन गिलिसची. आदल्या वर्षीचा पहिल्या पाचांतला. सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स आला, ट्रे कॉफमन-रेन वर सरकला, गिलिस बाकावर गेला आणि सर्वोत्तम सहाव्याचा मान त्यालाच मिळाला. इथपर्यंत माझ्या फळ्यावरची गोष्ट. पुढे मात्र तो उरलेलं एक वर्ष खेळायला ड्यूकला गेला. विश्वकर्मा असते तर ‘लोभी’ म्हणाले असते. मी नाही म्हटलं. पाच वर्षं काढली होती त्याने तिथे.

भाच्याशी माझं ऑक्टोबरभर फोनवर चालू असतं. त्याचा वाद घालण्याचा ढंग निराळा. मी म्हणतो, ‘या पोराचे हात बघ.’ तो म्हणतो, ‘मामा, तू सगळं नजरेवर काढतोस.’ मग दोन उंच खेळाडू एकत्र असताना शंभर पझेशनमागे किती गुण, एकच असताना किती, हे तो तोंडपाठ सांगतो. मला त्यातलं निम्मं कळतं. पण चार बोल्ट आणि एक वॉशर हाच तो हिशेब, फक्त दशांश चिन्ह लावून. त्याच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून ईडीच्या जागी नवा सात फूट चार इंची डॅनियल जेकबसन मुक्रर केला होता. दुसऱ्याच सामन्यात, सुरुवातीच्या मिनिटांत, त्याचा पाय मोडला. महिनाभराचे फोन पाण्यात. मग कॉफमन-रेनच बास्केटखाली गेला आणि सामन्यामागे वीस गुण काढू लागला, जे आमच्या दोघांच्याही यादीत नव्हतं.

२०२५ च्या ऑक्टोबरात तर नवलच झालं. हंगामाआधीच्या क्रमवारीत पर्ड्यू देशात पहिला, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच. का, तर ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि कॉफमन-रेन तिघंही शेवटच्या वर्षापर्यंत थांबले. तिघंही दुसरीकडे जाऊ शकले असते. माझ्या वेळची पोरं थांबायची कारण दार बंद होतं. ही दार उघडं असताना थांबली. वेस्टफील्डचा स्मिथ आणि फोर्ट वेनचा लॉयर तर याच राज्यातले, म्हणजे चौथीपासून माहीत असणारी माणसंही कुठेतरी असणारच. चौथा, साउथ डकोटा स्टेटमधून आणलेला ऑस्ट्रेलियन ऑस्कर क्लफ.

राहिलं पाचवं नाव. भाचा म्हणे सीजे कॉक्स, कारण बचाव. मी म्हटलं, पाय बरा झालाय तर जेकबसनच घ्या, तीन-तीन उंच, बघू कोण येतं आत. पलीकडे बराच वेळ शांतता. ‘मामा, तू थोडा कोक पी.’ ही गोष्ट मी त्याला कधीतरी सांगितली होती, ती माझ्यावरच उलटली.

त्या वेळी मी ताईकडे जेवायला होतो, फोन स्पीकरवर. मी आवाज चढवून म्हणालो, ‘कॉक्सला बाहेर बसव! चारच मिनिटं देऊन बघ आधी.’ ताई ताट वाढता वाढता थबकली. पोरगा घर सोडून वर्ष झालं होतं, आणि रूममेट बदलणार असल्याचं तिच्या कानावर होतं.

‘कोणाला बाहेर बसवताय रे?’ ती म्हणाली. ‘थंडी सुरू झाली असेल तिकडे.’