नदीची रोजनिशी

आम्हा इंदूरकरांच्या नळाला 1978 सालापासून नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढून येते, आणि वापरलेले पाणी कान्हमधून क्षिप्रेत, मग चंबळ, यमुना, गंगा अशा वाटेने जाते. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी आम्ही बंगालच्या उपसागराला पाठवतो! मुले नकाशावर बोट फिरवून याची खात्री करून घेतात.

मंडलेश्वरला केंद्रीय जल आयोगाचे नदीमापन केंद्र आहे. महेश्वरच्या सहलीत घाट सगळे पाहतात, या केंद्राकडे कोणी फिरकत नाही. मोजपट्टीवर पातळी वाचायची, पात्राचे भाग पाडून प्रत्येकाची खोली व वेग मोजायचा. क्षेत्रफळाला वेगाने गुणले की सेकंदाला किती घनमीटर पाणी गेले ते कळते. गढूळ पाणी बाटलीत घेऊन गाळायचे, राहिलेला गाळ वाळवून तोलायचा.

एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यात, त्यातही पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून जातो. तेवढेच दिवस नोंद राहिली, तर वर्षाचा हिशेबच चुकला. वरच्या धरणांमध्ये गाळ अडतो आणि खाली गुजरातेत गरुडेश्वरला कमी पोहोचतो, हे कोणाच्या आठवणीवरून नव्हे, वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून कळले.

म्हणून आम्ही शाळेत कान्हची वही सुरू केली. कृष्णपुरा छत्र्यांजवळच्या पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडायची, कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते लिहायचे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत गाळणकागदातून गाळायचे. दिवाळीनंतर आकडा जवळजवळ रोज तोच, मुले कंटाळतात. पण तोही लिहायलाच हवा, नाहीतर पुराची वाढ कशाशी ताडून पाहणार?

खरी अडचण पावसाची. जोराच्या पावसात मुलांना पाठवणार नाही, असे काही पालकांनी कळवले. त्यांची काळजी रास्त आहे. पण वहीत कोऱ्या जागा पडल्या त्या नेमक्या त्याच दिवशी. आता अशा दिवशी दोन शिक्षक पुलावर जातात आणि मुले दुसऱ्या दिवशी आकडा उतरवून घेतात.

विश्वस्तांकडे एकच मागणे आहे. दहावीची मुले शाळा सोडून गेली तरी वही बंद पडू नये. या जूनपासून ती आठवीकडे द्यावी. छत्र्यांजवळ राहणाऱ्या पालकांपैकी कोणी रविवारचे वाचन घेतले तर फार बरे होईल. दोरी शिपाईकाकांकडे ठेवली आहे.