हवापालटास आलेला पाहुणा

आसनगाव स्टेशनावर उतरून, शहापूर मागे टाकून मुरबाडच्या वाटेस लागले म्हणजे भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. अशा गावी परक्या माणसापुढे पाण्याचा तांब्या आधी येतो आणि मागोमाग प्रश्न येतो, “काय निमित्तानं येणं केलंत?” लग्नकार्य, देवदर्शन, जमिनीचे काम यांपैकी काही असले तर उत्तर सोपे. परंतु शहरातील सुशिक्षित पाहुणा बहुधा म्हणतो, “विशेष काही नाही, जरा चेंज म्हणून!”

‘चेंज ऑफ एअर’ हा शब्दप्रयोग साहेबाबरोबर आपल्याकडे आला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान हुडकले, ते याच हवेच्या ओढीने वाढले. पुढे आपण ‘हवापालट’ असा सुरेख शब्द केला. पण हल्ली त्यातील हवाही गेली व नुसता ‘चेंज’ उरला. या उत्तरात नकळत एक अर्थ दडलेला असतो : तुमच्या हवेशी मला कर्तव्य आहे, तुमच्याशी नाही.

वस्तुतः हे खरे नव्हे. सापगावच्या वरच्या अंगास भातसेवर धरण आहे. तेथून सोडलेले पाणी या काठावरून खाली पिसे येथे जाते व तेथे उचलून मुंबईस पोहोचते. मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसेचाच. १८९२ साली पुरा झालेला तानसा तलावही याच शहापूर तालुक्यात आहे. असे असून उन्हाळ्यात येथील कित्येक पाड्यांतील बायका रिकामे हंडे मांडून टँकरची वाट पाहतात!

भातकापणी आटोपली की या भागातील अनेक आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. हवा त्यांचीही पालटते. परंतु तिला कोणी ‘चेंज’ म्हणत नाही. मनास येईल तेव्हा घरी परतता येते, त्यालाच तो शब्द शोभतो.

तेव्हा सुटीत मुलांस घेऊन इकडे आलात, तर त्यांना याहून बरे उत्तर शिकवून ठेवावे : “तुमच्या नदीचं पाणी आम्ही रोज पितो, ती नदी आणि तुम्हां सर्वांना भेटायला आलो.” निमित्त म्हणून एवढे पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे.