मोडक्या बिस्किटांचा हिशेब

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. आमची थोरली कन्या सातवीत आहे. शाळेतून येताना तिने एक चिठ्ठी आणली. येत्या शुक्रवारी वर्गात बिस्किटे सजवण्याचा कार्यक्रम आहे, तरी प्रत्येकाने निरनिराळ्या आकारांत कापलेली लोण्याची बारा साधी बिस्किटे घरी भाजून आणावीत, असा मजकूर होता. 'घरी' या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

वाचकांना प्रश्न पडेल की, कारकुनी करणाऱ्या आणि उरलेला वेळ चळवळीत घालवणाऱ्या माणसाचा बिस्किटांशी संबंध काय? आम्हालाही तोच प्रश्न पडला होता. कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांत ओव्हन नाही. पोरीने मोबाईलवर दहा चित्रफिती पाहिल्या, त्या प्रत्येकीत ओव्हन होता. तिचे तोंड उतरले. आम्ही सोपा मार्ग सुचवला. बेकरीतून बारा बिस्किटे आणू, डब्यात भरू, कोण विचारतो? त्यावर ती म्हणाली, "पप्पा, रविवारी विहारात तुम्हीच आमच्याकडून चौथं शील म्हणून घेता ना?" आता चौथे शील म्हणजे खोटे न बोलण्याचे. पुढे बोलायची सोय राहिली नाही.

कोपऱ्यात आमची आई मेथी निवडत बसली होती. वय त्र्याहत्तर. ती मान वर न करता म्हणाली, "लोन्याची बिस्कुटंच ना? त्यात काय येवढं? मी करते की."

आम्ही सगळे तिच्याकडे पाहतच राहिलो. आईने आमच्या घरात भाकरी केली, पुरणपोळी केली, दिवसभर राबून शंभर माणसांचे जेवण केले. बिस्किट तिने आमच्या घरात एकदाही केलेले नव्हते.

यामागची हकीकत आम्हाला ठाऊक होती, पण मुलांना नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही दोन वर्षांचे होतो. वडील गिरणीत साच्यावर होते. संप लांबला, घरातली भांडी विकली गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीस आई वांद्र्याला एका घरी कामाला लागली. लोअर परळच्या चाळीतून पहाटे निघायची, लोकलने वांद्र्याला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. चौदा वर्षे तिने ते घर धरले. बाई मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती. नाताळ जवळ आला की त्या घरी फराळाची धांदल उडे. त्याला ते लोक कुसवार म्हणतात. नेवऱ्या, कलकल, दोदोल आणि मुलांसाठी पत्र्याच्या साच्यांनी कापलेली लोण्याची बिस्किटे. अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन होता, त्याच्या झाकणाला काचेचा डोळा. बाईंची मुले टेबलाभोवती बसून तारे, घंटा आणि बदके कापायची. पीठ आई करायची, भाजायचीही आईच.

रविवारी मुलांची आई ड्युटीवर होती. ती रुग्णालयात नोकरीला आहे आणि सुट्टीचा दिवस तिच्या हातात नसतो. आमची मंडळाची बैठक होती, ती आम्ही फोन करून पुढे ढकलली. 'पुरुषांनी स्वयंपाकघरात हात लावला पाहिजे' या विषयावर आम्ही निदान वीस सभांतून बोललो असू. मैद्याचा डबा कोणता, हे मात्र त्या दिवशी धाकट्याने दाखवले. तो तिसरीत आहे.

"काय काय लागंल ते लिहून घे," आई म्हणाली. "एक, दोन, तीन."

"एक, दोन, तीन काय?"

"साकर एक, लोनी दोन, मैदा तीन. बाईच्या काट्यावर शंभराचं वजन हुतं. साकरंला येकदा ठिवायचं, लोन्याला दोनदा, मैद्याला तीनदा. मला आकडं वाचता येत न्हवतं, पन वजन वळकता येत हुतं."

आम्ही बी.कॉम. झालेलो आहोत आणि वीस वर्षे आकडेमोड करून पोट भरतो. इतके सुटसुटीत प्रमाण आमच्या फायलीत आजवर आलेले नाही. घरी काटा नाही, म्हणून वाण्याकडून साखर शंभर ग्रॅम आणि मैदा तीनशे ग्रॅम मोजूनच आणला. अमूल लोण्याच्या शंभर ग्रॅमच्या दोन वड्या. त्या लोण्यात मीठ असते, वरून घालावे लागत नाही. खायचा सोडा, बेकिंग पावडर काही नाही. ती घातली तर बिस्किट फुगते आणि कापलेला आकार पसरून जातो. कन्या चकित झाली, कारण मोबाईलवर हे तिला कोणी सांगितले नव्हते.

साखर मिक्सरमध्ये दळून लोण्यात फेसली. मग मैदा. इथे आम्ही पुढे सरसावलो आणि बाह्या सावरून पीठ मळायला लागलो. आईने हातावर चापट मारली. "आरं, ही काय चपातीची कनीक हाय? मळू नगं. मळलं का दगूड व्हतंय. नुस्तं गोळा कर." खरेच, मैदा जितका मळावा तितका चिवट होतो. चपातीला ते हवे असते, बिस्किटाला नको. गोळा फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवला. लोणी घट्ट झाले की आकार स्वच्छ कापला जातो.

लाटायचे कसे, तर दुधाच्या दोन पिशव्या कापून, धुऊन, पुसून त्यांच्यामध्ये गोळा ठेवला आणि दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल. लाटणे पेन्सिलींवरून फिरते, त्यामुळे सगळे पीठ एकाच जाडीचे होते. ही युक्ती कन्येची. आईने तिच्याकडे असे काही पाहिले की, आम्हाला आमच्या पदवीदान समारंभाचा दिवस आठवला.

साचे नव्हते. गोल बिस्किटांना वाटी होती. बाकी आकारांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा काढला. कन्येने त्यावर पिंपळाचे पान काढले, कापले, पिठावर ठेवून कडेने सुरी फिरवली. धाकट्याला लोकल गाडी हवी होती. लोकल म्हणजे लांबट चौकोन, त्याला काडीने पाडलेल्या खिडक्या. पिंपळपानाच्या टोकाने मात्र सतावले. निमुळता भाग आधी करपतो आणि आधी मोडतो. तिसऱ्या पानापासून टोक आखूड केले.

ओव्हनच्या जागी कुकर. ज्यांच्या घरी ओव्हन नाही अशा भगिनींसाठी आणि बंधूंसाठीही हे नीट सांगतो. जुना कुकर घ्यावा, कारण कोरडा तापवल्याने रंग बिघडतो. शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढावीत. पाणी घालू नये. तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर जाळी ठेवावी आणि झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. मग लोण्याचा हात फिरवलेल्या ताटलीत बिस्किटे मांडून आत ठेवावीत. एका वेळी सहा मावतात. पहिल्या घाण्याला वीस मिनिटे लागतात, पुढच्यांना पंधरा. वरून रंग येत नाही, कडा तांबूस झाल्या की काढावे. ते मीठ जेवणात वापरू नये, बरणीत भरून पुढच्या वेळेला ठेवावे.

आणि एक गोष्ट. गरम बिस्किट मऊ असते. ते निवल्यावर कडक होते, तोवर हात लावायचा नाही. हे आईने चार वेळा बजावले आणि चारही वेळा धाकट्याने हात लावला. पान मोडले, लोकलचे दोन डबे झाले.

"आन हिकडं," आई म्हणाली. "मोडकं माजं."

तिसऱ्या घाण्यानंतर आमच्या लक्षात आले की, आईने आतापर्यंत पाच-सहा तुकडे खाल्ले होते आणि एकही अख्खे बिस्किट उचलले नव्हते. कोणी तिला तसे सांगितलेही नव्हते.

आता जे लिहितो ते आम्ही आजवर घरातही बोललेलो नाही. दर नाताळात आई वांद्र्याहून येताना वर्तमानपत्राच्या कागदात बिस्किटांची पुडी आणायची. त्यात नेहमी तुकडे असायचे. पाय नसलेले बदक, अर्धी घंटा. धाकटी बहीण आणि आम्ही जमिनीवर बसून ते तुकडे जुळवायचो आणि मग खायचो. १९९१ सालच्या डिसेंबरात आम्ही अकरा वर्षांचे होतो. मोठी पोरे बोलत ते ऐकून थोडे शहाणे झालो होतो. आईने पुडी सोडली आणि आम्ही म्हणालो, "आम्ही काय लोकांचं उष्टं-मोडकं खायचं?" आणि पुडी उचलून व्हरांड्यातून खाली फेकली. आई काही बोलली नाही. चपला घालून खाली गेली. काय उचलले, काय नाही, ते आम्ही पाहिले नाही. पुढच्या नाताळापासून पुडी आली नाही. ती त्या घरी त्यानंतर पाच वर्षे कामाला होती.

तेव्हा आम्हाला वाटे की आपण स्वाभिमान दाखवला. पुढे कितीतरी वर्षे तसेच वाटत होते.

चौथा घाणा कुकरमध्ये होता तेव्हा कन्येने विचारले, "आजी, त्या बाई तुला बिस्किटं द्यायच्या का गं?"

"मोडकी न्यायला सांगायची. अख्खी डब्यात जायची, पाव्हन्यांना."

"आणि एखाद्या वर्षी एकही नाही मोडलं तर?"

आई पदर तोंडाला लावून हसली. "मोडल्याबिगर कशी ऱ्हातील? घरी दोन पोरं वाट बघत बसल्याली." तिने ताटलीच्या कडेला आंगठा टेकवून दाखवला. "आसा हलका दाबायचा. जास्त न्हाई. धा-बारा."

धाकटा तोंड उघडे टाकून ऐकत होता. "म्हणजे तू मुद्दाम मोडायचीस? आणि बाईंना कळायचं नाही?"

"कळत आसंल. तिलाबी पोरं हुती. कवा काय बोलली न्हाई."

कन्या थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "पण आजी, ते खोटं झालं ना?"

"झालं की," आई म्हणाली आणि मेथीच्या काड्या गोळा कराव्यात तसा ताटलीतला चुरा बोटांनी गोळा करू लागली.

कन्येने आमच्याकडे पाहिले. दर रविवारी शील म्हणून घेणारे आम्ही, आमच्याजवळ उत्तर नव्हते. कुकरमधून करपल्याचा वास यायला लागला, तो आम्हाला बरा वाटला. गॅस बंद करायला उठलो. घाण्यातली दोन बिस्किटे काळी झाली होती.

संध्याकाळी सजावट झाली. पिठीसाखरेत चमचाभर दूध कालवून दाट लेप करायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कोपरा बारीक कापायचा आणि मेंदीच्या कोनासारखी रेघ ओढायची. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, गुलाबीसाठी बिटाचा रस, टिकल्यांना बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. धाकट्याला निळा झेंडा काढायचा होता आणि निळा रंग घरात नव्हता. सोसायटीच्या कुंपणावर गोकर्ण फुलला आहे, त्याची फुले गरम पाण्यात कुस्करली तर निळे पाणी निघाले. आम्ही हुशारी करून लेप चकाकावा म्हणून त्यात लिंबू पिळले, तर निळ्याचा जांभळा झाला. गोकर्णाचा रंग आंबटाने बदलतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. धाकटा रडकुंडीला आला. पुन्हा फुले आणली, लिंबू न घालता कालवले आणि झेंडा फिकट का होईना, निळा झाला.

एकूण बिस्किटे छत्तीस. बारा शाळेच्या डब्यात, न सजवलेली. घट्ट झाकणाच्या डब्यात ती आठवडाभर सहज टिकतात. आठ शेजाऱ्यांकडे गेली. दोन करपली. मोडकी सात. सजवलेली सात उरली, त्यातली दोन मुलांच्या आईसाठी झाकून ठेवली.

१९९१ चा तो डिसेंबर आईला आठवतो का, हे आम्ही विचारले नाही. अजून विचारलेले नाही. कन्येने सगळ्यांत चांगले साधलेले पिंपळाचे पान निवडले, निळी कड, पिवळ्या शिरा, टोक शाबूत, आणि आजीच्या हातावर ठेवले. "हे अख्खं तुझं. आणि तूच खायचं."

आईने ते उलटसुलट करून पाहिले. भाजणी खालून बरोबर झाली आहे का, तेही पाहिले. मग कडेला आंगठा टेकवला, दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा आमच्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "निवलंय आता."

आम्ही घेतला.