डीजे अजून आतच आहे

मंडळी, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मेंटेनन्सच्या कामात माझी सतरा वर्षं गेली. तिथला उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, पण ११ च्या आधीसुद्धा घामाने कॉलर भिजतेच. टॉयलेट लांब म्हणून पाणी कमी प्यायचं, ही माझी जुनी खोड. मूतखडा व्हायचाच होता!

२०२३ च्या दिवाळीत रजेवर पुण्याला गेलो आणि कळ आली. खडा मूत्रनलिकेत अडकलेला, उजवी किडनी फुगलेली. ना चिरा, ना टाके. लघवीच्या वाटेने दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा फोडला. तिसऱ्या दिवशी मी बहिणीकडे भाऊबीजेच्या जेवणाला. रजा संपली, डिस्चार्ज कार्ड चिवड्याच्या डब्याबरोबर बॅगेत आलं आणि कपाटात गेलं.

मग रात्री चार-चार वेळा उठणं, जड उचललं की लघवी लालसर. म्हटलं, खड्याची कच राहिली असेल.

एप्रिलमध्ये लेक कॉलेजच्या ॲडमिशनची कागदपत्रं शोधत होती. ती इथेच जन्मलेली. "बाबा, इथे डीजे स्टेंट लिहिलंय. सहा आठवड्यांनी काढायचा. काढला?"

"गणपतीत वाजतो तो डीजे का गं?"

ती हसली नाही.

दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली ती बारीक नळी. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. आतली सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी म्हणून ठेवतात. माझ्या पोटात ती पाच महिने होती. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला: खालच्या टोकावर चक्क नवा खडा धरलेला. दहा मिनिटांत निघाली असती ती नळी काढायला पुन्हा भूल, पुन्हा लेसर.

लाज कशाची वाटली सांगू? शटडाउनमध्ये पाइपलाइनमध्ये घातलेल्या प्रत्येक ब्लाइंडची यादी मीच ठेवतो. शेवटचा ब्लाइंड निघाल्याची सही झाल्याशिवाय प्लांट चालू होत नाही. स्वतःच्या पोटातला एकच ब्लाइंड विसरलो.

नळी निघाली तरी काम संपलं नव्हतं. नलिका आतून आकसू शकते आणि किडनी पुन्हा फुगते, तीही कधी कधी अजिबात न दुखता. म्हणून सहा आठवड्यांनी सोनोग्राफी केली. थोडी सूज होतीच, म्हणून रेनोग्राम झाला. उजवी किडनी ३८ टक्के काम करते आहे, बाकी सगळं डावीवर. लघवीचा निचरा नीट होतोय, एवढं समाधान.

तुमच्यापैकी कितीतरी जण अशी ऑपरेशनं रजेत गावी उरकून येता. निघण्याआधी एवढं विचारा: आत काही ठेवलंय का, आणि ते कधी काढायचं? कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. थंडी वाजून ताप आला तर मात्र ड्युटी संपायची वाट पाहू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. लेकीने त्यावर लक्ष्मीपूजनाच्या चौकोनाखाली लाल पेनाने लिहिलंय: 'बाबा सोनो, ८ वाजता, उपाशी नाही, पाणी पिऊन.'