शनिपालट: काही टिपणे

२९ मार्च २०२५. शनिवार, फाल्गुनातली अमावास्या, आणि त्याच दिवशी शनी कुंभेतून मीनेत गेला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. विरार स्टेशनाबाहेर सकाळपासून रुईच्या माळा, काळे उडीद आणि तेल विकायला बसलेल्या बायका. मारुतीच्या देवळाची रांग थेट रस्त्यावर. आमच्या इमारतीतली मकर राशीची माणसे ‘सुटलो एकदाचे’ म्हणत होती. मेषेच्या लोकांची साडेसाती नुकतीच लागली होती, ते गप्प होते.

मकरेची साडेसाती जानेवारी २०१७ पासूनची. त्या आठ वर्षांत एकाचा धंदा बुडाला, एकीचे वडील करोनात गेले, एकाची नोकरी गेली. या तिघांचे दुःख खरे आहे. पण त्याच इमारतीत सिंह आणि वृषभ राशीची माणसेही होती. करोना त्यांच्याही दारात आला होता.

*

हिशेब साधा आहे. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. चंद्रराशीच्या मागची रास, ती रास आणि पुढची रास, अशा तीन राशींची मिळून साडेसाती. बारांपैकी तीन राशी कायम साडेसातीत असतात. म्हणजे कोणत्याही क्षणी ढोबळमानाने चारातला एक माणूस.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या आसपास होती. त्या हिशेबाने एकट्या आपल्या शहरात तीन लाख माणसांना एकाच वेळी साडेसाती. त्यात चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी धरली तर बारांतल्या पाच राशी झाल्या. मला हा हिशेब फार धीराचा वाटतो. जे तीन लाखांना एकदम होते, आणि ऐंशी वर्षे जगणाऱ्या प्रत्येकाला दोन-तीनदा होतेच होते, ती शिक्षा कशी असेल? तो वयाचा एक टप्पा आहे, आणि सगळ्यांच्या वाट्याचा.

*

लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पत्रिकेवर जेवढे बोलणे होते तेवढे पुरुषांच्या डब्यात होत नसावे. मीरा रोड येईपर्यंत मुलांच्या परीक्षा, भाईंदरची खाडी ओलांडली की सासर, आणि वसईच्या अलीकडे कोणीतरी हळूच विचारते, ‘तुझी कधी संपतेय गं?’ जिला विचारले ती महिना आणि साल सांगते.

मला या प्रश्नोत्तरात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते साल. नवऱ्याचे पिणे कधी सुटेल, कर्ज कधी फिटेल, सासूबाईंचे अंथरुण कधी सुटेल, यांतल्या कशालाही तारीख नाही. साडेसातीला आहे. तारीख असलेले दुःख माणूस सोसतो. ज्योतिषाने खरोखर काही दिले असेल तर हे: न संपणाऱ्या गोष्टीला एक शेवटचा दिवस. शनी ते दुःख देत नाही आणि तो काढूनही नेत नाही, हे मी ठामपणे म्हणते. पण त्या बाईच्या हातून तारीख काढून घ्यायची असेल, तर तिच्या जागी काय देणार याचे उत्तर तयार असले पाहिजे. व्यसनमुक्तीचा गट, बँकेशी बोलून देणारे कोणी, आजारी माणसाजवळ चार तास बसणारे कोणी.

*

विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. घरातून निघून घरी परतेपर्यंत प्रवासाचे रोजचे तीन तास धरले, वर्षाचे २८० दिवस, नोकरीची तीस वर्षे, तर पंचवीस हजार दोनशे तास होतात. सलग मोजले तर दोन वर्षे दहा महिने. शनी एका राशीत राहतो त्याहूनही थोडे जास्त. माणसाची वाढ होते असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणत्या वेळात व्हायची, हे या शहरात विचारलेच पाहिजे. तिशी ते साठी ही स्वतःकडे बघायची वर्षे, आणि तीच डब्यात उभ्याने गेलेली.

*

एकाच मजल्यावर दोन पंचांगे. समोरचे मूळचे रत्नागिरीचे, त्यांच्याकडे टिळक पंचांग. आमच्याकडे दाते. दोन्हींच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्र कुठून मोजायचे त्यात, सुमारे चार अंशांचा फरक आहे, आणि शनी वर्षाला बारा अंश चालतो. त्यामुळे त्यांचा शनी आमच्याआधी काही महिने राशी बदलतो. चंद्र राशीच्या काठावर असताना जन्मलेल्या मुलाची तर रासच दोन घरांत वेगळी. एका दाराआड त्याला साडेसाती, दुसऱ्या दाराआड नाही. दोन्ही घरांत त्याला लाडू मिळतो.

*

पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितले. बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती.

मी या निकालाशी पूर्ण सहमत आहे. भविष्य सांगण्याचा दावा तिथेच संपतो. तरी माझा मुद्दा उरतो, कारण डब्यातल्या त्या बाईला भविष्य हवेच नव्हते. तिला मागची सात वर्षे कोणापुढे तरी मांडायची होती, आणि पत्रिका पुढे असली की ते मांडता येते. निळा खडा घ्या, अमुक हजारांची शांत करा असे सांगून त्या मांडण्याचे पैसे करणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग आहे.

*

हर्षलला सूर्याभोवती फिरायला ८४ वर्षे लागतात, म्हणून बेचाळिशीत तो जन्मस्थानाच्या बरोबर समोर येतो. पाश्चात्त्य ज्योतिषी मध्यमवयाची घालमेल त्यावर घालतात. पण हा ग्रह १७८१ साली सापडला. त्याआधीची माणसेही चाळिशीत रात्री जागी राहत असतील.

*

२१ डिसेंबर २०२०, सोमवार. राजोडीच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की दोघांत चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच अंतर. तोंडाला मास्क लावून थोडी माणसे वाळूत उभी होती. लोकल अजून सर्वांसाठी सुरू नव्हती; दुसऱ्या दिवसापासून महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागली.

गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन, दोन्ही साठीच्या आतबाहेर पुऱ्या होतात. १९६१ च्या फेब्रुवारीत हे दोघे मकरेत भेटले होते, आणि २०२० च्या डिसेंबरात पुन्हा मकरेतच. साठ संवत्सरांचे चक्र आणि माणसाची साठी यांमागे हे आकाश आहे. इथे मला ज्योतिषातले फळ नको, नुसते गणितच पुरते. माणसाच्या आयुष्याला मोजपट्टी लावायला कोणीतरी आकाशातली दोन सगळ्यांत संथ दिसणारी चाके निवडली, ही केवढी मोठी कल्पना.

*

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका १९६१ चे. वडील गिरणीत. १९८२ चा संप झाला तेव्हा काका एकवीस वर्षांचे. शनी पहिल्यांदा जन्मस्थानी परतला त्या १९९१ च्या सुमारास त्यांनी परळची भाड्याची खोली सोडून विरारला स्वतःची घेतली. दुसऱ्यांदा परतला तेव्हा टाळेबंदी. साठीशांत घरच्या घरी, गुरुजींसह सहा माणसांत. काकूंनी साठ दिव्यांनी ओवाळले.

या शांतींची एक साखळी आहे, ती आता थोड्यांनाच माहीत असते. पन्नाशीला वैष्णवी, पंचावन्नाला वारुणी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, आणि ऐंशी ओलांडताना सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे दहा महिने लागतात, करून पाहा. नावे भीतिदायक आहेत, कारण वय वाढणे भीतिदायक आहे, आणि आपल्या आधीच्यांनी ते लपवले नाही. दर पाच-दहा वर्षांनी माणसाला पाटावर बसवून, घरच्यांसमोर, ‘तू आता पुढच्या टप्प्यात आलास’ असे सांगणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. कार्यालयातला निरोपसमारंभ ते काम करत नाही. तिथे माणसाला फक्त घड्याळ आणि शाल मिळते.

साठीशांत झाल्यावर काकांनी घरखर्चाची वही सुनेकडे दिली. मग पेटी शिकायला लागले. दुपारी तीन वाजता भात्याचा आवाज येतो, अजून सूर कच्चे आहेत.

*

वसईतल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला विचारले, तुमच्यात काय? ती म्हणाली, लग्नाची पंचवीस वर्षे, पन्नास वर्षे. तेव्हा मिस्सा होते, सगळे पाहुणे येतात, नवराबायको पुन्हा वचन घेतात. आणि तिशीला? बेचाळिशीला? ती विचारात पडली. म्हणाली, तेव्हा कोणी येत नाही. तेव्हाच यायला हवे ना?

*

शनीमहाराज, दुकानावर लटकलेले लिंबू-मिरची, यांवर वाद घालण्यात माझा वेळ जात नाही. एकोणतीस-तीस वयाच्या मुलामुलींशी बोलण्यात जातो. त्यांच्या घरी ‘गुरुबळ नाही, यंदा लग्न नको’ किंवा ‘शनी आहे, नोकरी सोडू नको’ चालू असते. मी त्यांना म्हणते, शनीला आईच्या हाती देऊ नका, तुमच्या हाती घ्या. एक फेरी झाली. तीस वर्षांत काय शिकलो, काय दुसऱ्यांच्या म्हणण्यावर केले, काय आता टाकायचे, हे एका रविवारी कागदावर लिहा. नोकरी सोडायची की नाही ते त्यानंतर.

*

मनवेलपाड्यातल्या एक ताई. एकोणसाठ पूर्ण. रास मेष, म्हणजे साडेसाती नुकतीच लागलेली, २०३२ पर्यंत चालणार. शिक्षण बारावीनंतर लग्नामुळे थांबलेले. गेल्या वर्षी त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातले. मुलगा म्हणाला, आई, या काळात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. ताई पुस्तकांना खाकी कव्हर घालत होत्या. म्हणाल्या, बीए २०२८ ला होईल, त्यापुढे साडेसातीची चार वर्षे उरतात, त्यात एमए बसते.